उंचीवर टायर प्रेशर मॉनिटरचे आकडे कसे वाचावेत

सपाटीवर ३३ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच, हवेच्या दाबाचे एकक) हवा भरून निघालेली गाडी घाट चढून दोन-तीन हजार मीटरवर पोहोचली, की अनेकदा डॅशबोर्डवरचा आकडा आणि हातातल्या गेजचा आकडा जुळेनासा होतो. सेन्सर बिघडला, अशी शंका मग लगेच येते. प्रत्यक्षात दोन्ही उपकरणे नीट चालत असतात, पण त्यांची वजाबाकी वेगवेगळी असते.

टायरच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त आहे, एवढेच साधे गेज सांगते. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १४.७ पीएसआय असतो आणि ३००० मीटरवर तो १०.२ च्या आसपास उतरतो. त्यामुळे टायरमधली हवा आणि तिचे तापमान तेच राहिले, तरी गेज तिथे साडेचार पीएसआय जास्त दाखवते. ढोबळ हिशेबाला दर १००० मीटरला दीड पीएसआय धरावा. उंचीबरोबर गारवाही वाढतो. सर्वसाधारणपणे १००० मीटरला साडेसहा अंश सेल्सिअसने तापमान उतरते आणि तेवढ्याने टायरचा दाब साधारण एक पीएसआय घटतो, म्हणून रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत प्रत्यक्ष वाढ बरीच कमी भरते.

रिमच्या आत बसवलेला सेन्सर बहुधा निरपेक्ष दाब, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब वजा न केलेला टायरमधला पूर्ण दाब मोजतो. बाहेरच्या हवेचा दाब वजा करण्याचे काम गाडीची यंत्रणा करते. काही गाड्या त्या ठिकाणचा वातावरणीय दाब विचारात घेतात, तर काही कुठेही गेल्या तरी समुद्रसपाटीचाच आकडा वजा करतात. या दुसऱ्या प्रकारच्या गाडीत ३००० मीटरवर गेजने मोजून बरोबर ३३ पीएसआय हवा भरली, तरी डॅशबोर्डवर २८.५ च्या आसपास आकडा येतो. त्यात पहाटेच्या थंडीची भर पडली, तर हवा पुरेशी असूनही इशाऱ्याचा दिवा लागू शकतो.

आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे माहितीपुस्तिकेत सहसा स्पष्ट सापडत नाही; ते स्वतः तपासणे सोपे आहे. निघण्यापूर्वी टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर, गेजने चारही टायर मोजावेत आणि डॅशबोर्डवरच्या आकड्यांशी असलेला फरक लिहून ठेवावा. वर मुक्काम झाल्यावर सकाळी त्याच गेजने पुन्हा मोजावे. फरक पूर्वीइतकाच राहिला, तर यंत्रणा उंचीचा हिशेब धरते. २००० मीटरवर तो तीनेक पीएसआयने वाढला, तर धरत नाही. गाडी उभी असताना सेन्सर झोपेत असतात आणि पडद्यावर जुनाच आकडा राहू शकतो, म्हणून गेजने मोजल्यावर गाडी दोन-चार मिनिटे चालवून मगच पडद्यावरचा आकडा घ्यावा.

दोन्हींत मतभेद झाला, तर थंड टायरवर लावलेल्या चांगल्या गेजचे ऐकावे, कारण दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला दाब गेजने मोजायचाच असतो. उंचावर काही दिवस राहायचे असेल, तर त्या आकड्याप्रमाणे तिथेच हवा कमी-जास्त करावी. नुसती खिंड ओलांडून खाली उतरायचे असेल, तर हात लावू नये. वर ३३ वर आणलेले टायर सपाटीवर पोहोचताना बाहेरच्या दाबापायी साडेचार पीएसआय गमावतात आणि उबेमुळे तीनेक परत मिळवतात, म्हणजे हवा थोडी कमीच पडते. चढ चढून तापलेल्या टायरमधून हवा सोडणे तर साफ चूक. तिथे वाढलेल्या दाबात उष्णतेचाही वाटा असतो आणि टायर निवला की तोच टायर कमी हवेचा ठरतो.

एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकांच्या फिरण्याची गती ताडून इशारा देणारी यंत्रणा दाब मोजतच नाही. तिथे हवा भरल्यावर रीसेट करणे तेवढे विसरू नये.

उंची आणि थंडी चारही टायरांवर जवळपास सारखाच परिणाम करतात. उन्हाच्या बाजूच्या टायरांत एखादा पीएसआय जास्त दिसला, तर ते स्वाभाविक आहे. मात्र एकाच चाकाचा आकडा इतरांपेक्षा तीन-चार पीएसआयने खाली गेला, तर उंचीचा हिशेब बाजूला ठेवून त्या टायरमध्ये खिळा किंवा व्हॉल्व्हची गळती शोधावी.