बँक पीओ पूर्वपरीक्षा: इंग्रजीची 20 मिनिटं

आयबीपीएस ही बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था. तिच्या पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर पदाच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न, 30 गुण आणि स्वतंत्र 20 मिनिटं असतात. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. या विभागाचा कटऑफ (पात्र ठरायला लागणारे किमान गुण) वेगळा असतो, त्यामुळे गणितात कितीही गुण मिळवले तरी इंग्रजीतली कमतरता भरून निघत नाही.

सुरुवात उताऱ्याने करू नका. आधी 'चूक शोधा', 'रिकाम्या जागा' आणि 'शब्दांची अदलाबदल' हे प्रश्न 9-10 मिनिटांत संपवा. मग उतारा. आधी प्रश्न वाचा, मग उतारा एकदाच सलग. उत्तर उताऱ्यात लिहिलेलं असलं पाहिजे. 'हे खरंच आहे की' म्हणून निवडलेला पर्याय हमखास चुकतो.

मराठीतून विचार करणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या असतात, त्या ओळखल्या की गुण पटकन वाढतात. आपण 'विषयावर चर्चा' करतो म्हणून 'डिस्कस अबाउट' बरोबर वाटतं. तिथे 'अबाउट' नकोच. 'जरी-तरी'च्या सवयीने 'दो' (though) नंतर 'बट' येतो, तोही चूक. 'वन ऑफ द'नंतर नाम अनेकवचनी, पण क्रियापद एकवचनी.

रोज इंग्रजी वृत्तपत्रातलं एक संपादकीय वाचा आणि पाच-सहा नवे शब्द पूर्ण वाक्यासकट वहीत लिहा. नुसत्या शब्दयाद्या पाठ करून रिकाम्या जागा सुटत नाहीत, कारण तिथे कोणत्या शब्दासोबत कोणता शब्द येतो, ते तपासलं जातं. आठवड्याला दोन सराव परीक्षा घड्याळ लावून द्या. चुकलेला प्रत्येक प्रश्न का चुकला, ते त्याच दिवशी लिहा.