मामंजींचा मर्फी आणि चपडी लाख

२०१९च्या ऑगस्टात कृष्णामाई सांगलीच्या गावभागात शिरली, तेव्हा आम्ही मामंजींचा मर्फी उचलून माळ्यावर ठेवला. सांगली आकाशवाणी १९६३ला सुरू झाली त्या सुमाराचा हा व्हॉल्व्हचा रेडिओ. पाणी लागलं नाही, पण ओल लागलीच. खाली आणला तर उजव्या कडेचा व्हिनीयर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, पापडासारखा सुटलेला आणि वरचं पॉलिश दुधाळ झालेलं. सुतार म्हणाला, "काकी, खरवडून वॉर्निश मारतो, दोन तासांचं काम." त्याला चहा पाजून परत पाठवला आणि लाखेचं पॉलिश स्वतःच करायचं ठरवलं.

आधी पेटी रिकामी करा. प्लग काढून एक दिवस थांबा, कारण आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये करंट राहतो. मग बटणं, मागचा पुठ्ठा आणि तळाचे बोल्ट काढले की सगळा सांगाडा बाहेर येतो. ते रेडिओवाल्यासमोरच केलेलं बरं. डायलच्या काचेला मात्र हात लावू नका. अक्षरं काचेच्या आतल्या बाजूला छापलेली असतात. मी हौसेने ओल्या फडक्याने पुसली आणि 'सिलोन'मधला 'सि' फडक्यावर आला.

पेटीवर उदबत्तीचा आणि फोडणीचा थर असतोच. टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेल्या कापडाने तो काढा. त्याने लाख विरघळत नाही. मग तळाला, न दिसणाऱ्या जागी, कानकाडीवर स्पिरिट घेऊन घासा. चिकट होऊन काडी तपकिरी झाली तर लाख. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरने मऊ पडलं, तर लॅकर. कंपनीतून आलेल्या रेडिओवर बरेचदा लॅकरच असतो. आमच्यावर मामंजींनी मधे कधीतरी पॉलिश करून घेतलेलं, म्हणून लाख निघाली. लॅकर असला तरी अडत नाही, स्वच्छ करून त्यावर लाख बसते.

व्हिनीयर एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतो, म्हणून घासायचं मशीन लावायचं नाही. सुटलेल्या जागी इंजेक्शनच्या सिरिंजने फेविकॉल सोडा, बाहेर आलेला लगेच पुसा, वर प्लास्टिकचा कागद ठेवून रात्रभर वजन द्या. मी पाच किलो तांदळाची पिशवी ठेवली. गोल कडेवरही ती नीट बसते.

पॉलिश मी शिकले मिरजेत, सतारमेकर गल्लीत. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक चाचा तासभर हात फिरवत होते, ते बघत बसले. १०० ग्रॅम चपडी लाख (पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळते ती) अर्धा लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये, काचेच्या बरणीत रात्रभर भिजवायची आणि मलमलीतून गाळायची. लोखंडी डब्यात ठेवली तर काळपट होते. लागेल तेवढीच करा, महिनोन्महिने ठेवलेली नीट वाळत नाही. आणि हे स्वयंपाकघरात नको. स्पिरिट भडकतं, वासही डोक्यात जातो. मी गच्चीत बसले.

कापसाचा गोळा जुन्या धोतराच्या कापडात बांधून लिंबाएवढी पुरचुंडी करा. लाख आत कापसाला पाजायची, बाहेरून बुडवायची नाही. तळहातावर दाबली की नुसता ओलावा उमटला पाहिजे. लाकडावर हात टेकताना आणि उचलताना पुरचुंडी चालती हवी. थांबली की खालचं पॉलिश धरून ठेवते आणि तिथे खळगा पडतो. माझा पहिला दिवस असाच गेला. चाचांना फोटो दाखवला तर म्हणाले, "ताई, पुसा. दाबताय कशाला?" पुरचुंडी अडखळायला लागली की वर जवसाच्या तेलाचा एक थेंब. दिवसाला तीन-चार हात, मग रात्रभर विश्रांती. चौथ्या दिवशी ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने अलगद फुंकर घातल्यासारखं घासलं आणि पुन्हा पातळ लाखेचे हात दिले.

दुधाळपणा बहुतेक पहिल्याच हातात गेला. स्पिरिटचा ओलावा लागला की ओल निघून जाते. पण हेच काम पावसाळ्यात केलंत तर नवीन पॉलिशही तसंच पांढरं पडेल. दिवाळीनंतर करा.

ओरखड्यांचं फार मनावर घेऊ नका. थोडा तपकिरी रंग लाखेत कालवून बारीक ब्रशने भरा, बस.

वाळलेलं दिसतं म्हणून फसू नका. लाख आतून कडक व्हायला महिना लागतो. सासूबाईंनी दहाव्या दिवशी कौतुकाने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढी जाळी अजून उमटलेली आहे, आणि ती पुसायला त्या मला देत नाहीत.