पुण्या-नाशिकहून मुंबईची हाफ धावायला निघण्याआधी

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबईत एकवीस किलोमीटरची हाफ मॅरेथॉन धावायची म्हणून घाटावरची मंडळी दिवाळीपासून पाय तयार करायला लागतात. पाय होतात तयार, त्यात शंका नाही. राहून जातं ते बाकीचं: घाम, मीठ, साखर, रक्तदाब. ही खाती शरीर स्वतःच सांभाळतं. आपण त्याला वेळेवर सामान पुरवायचं आणि अधेमधे लुडबुड करायची नाही, एवढंच. पुढची तयारी त्याच हिशेबाने लिहिली आहे.

पहिलं काम डॉक्टरांकडे जायचं, आणि तेही नाव नोंदवण्याआधी. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर हे टाळू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, शर्यतीच्या दिवशी तशी गोळी घ्यायची का आणि कधी, हे स्पष्ट विचारून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहायला हवं. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. निरोगी माणसाचं स्वादुपिंड अशा वेळी इन्सुलिन कमी करतं, यकृत साठवलेली साखर सोडतं, आणि रक्तात एका वेळी असणारी जेमतेम पाच ग्रॅम साखर फारशी हलत नाही. टोचून घेतलेलं इन्सुलिन मात्र परत बोलावता येत नाही. डोस किती कमी करायचा हे डॉक्टर सांगतील. तो सरावाच्या लांब धावेत आधी तपासून बघायचा, शर्यतीच्या दिवशी प्रयोग नको.

शर्यतीला दोन आठवडे उरले की उकाड्याची सवय लावून घ्या. ही गोष्ट घाटावरचे लोक हमखास विसरतात. पहाटे पाचला पुण्यात हुडहुडी भरलेली असते, हवा कोरडी, कितीही धावा, बनियन नीट भिजत नाही. मुंबईत त्याच वेळी हवा दमट असते. आता हिशेब बघा. साठ किलोचा माणूस ताशी दहा किलोमीटरने धावला तर तासाला साधारण ६०० किलोकॅलरी जाळतो. त्यातला जेमतेम पाव भाग धावण्याच्या कामी येतो, उरलेल्या साडेचारशेची निव्वळ उष्णता होते. एवढं शरीर एका अंशाने तापायला ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दर सहा-सात मिनिटांना ताप एक अंश चढेल. तो चढत नाही, कारण घाम. एक लिटर घाम वाळताना जवळपास ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. यातला ‘वाळताना’ हा शब्द मोलाचा आहे. पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही, त्याच कारणाने मुंबईत नाकावरून ठिबकणारा घाम काही कामाचा नसतो. पाणी गेलं, मीठ गेलं, गारवा मिळालाच नाही.

म्हणून या दोन आठवड्यांत निम्म्या धावा तरी पहाटेऐवजी सकाळी उशिरा करा, किंवा संध्याकाळी अंगात एक जास्तीचा टी-शर्ट घालून. पाऊण ते एक तास, अगदी संथ. पहिल्या दोन-तीन दिवशी जीव नकोसा होतो. मग रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. दहा ते चौदा दिवसांत बदल बऱ्यापैकी पक्के होतात. सोडून दिलं तर दोन-तीन आठवड्यांत ओसरतातही, त्यामुळे हे डिसेंबरच्या सुरुवातीला उरकून ठेवण्यात अर्थ नाही.

याच दिवसांत घरचा वजनकाटा बाहेर काढा. लांब धावेच्या आधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. समजा ६२.४ चं ६१.२ झालं आणि वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायलं होतं, तर गेलेला घाम १.७ लिटर. त्याला तासांनी भागलं की तुमच्या घामाचा वेग कळतो. कुणाला तासाला अर्धा लिटर घाम येतो, कुणाला दोन लिटर. शेजारच्याचं बघून पाणी पिण्यात शहाणपण नाही, ते यासाठी.

वजनात शरीराच्या दोनेक टक्क्यांपर्यंतची घट चालते. वाढ मात्र अजिबात चालत नाही, आणि इथे मी जरा हट्टी आहे. ‘तहान लागायच्या आधी प्या’ हा सल्ला गटागटांत अजून फिरतो. रक्तातलं सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोलच्या दरम्यान राहावं लागतं. धावताना मूत्रपिंडं पाणी राखून ठेवण्याच्या कामाला लागलेली असतात, जास्तीचं पाणी ती चटकन बाहेर टाकत नाहीत. वर पाणी ओतत राहिलं की सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते आणि माणूस दगावूही शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यात १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. त्याच्याशी सगळ्यात घट्ट नातं होतं ते धावताना वाढलेल्या वजनाचं. म्हणून तहान लागली की घोट-दोन घोट प्या. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर बाटली संपवायची शर्यत वेगळी.

मीठ-साखरेचं सामान आधीच जमवा. एक लिटर घामात सरासरी अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ जातं. धावून आल्यावर टोपीवर पांढरे डाग पडत असतील तर तुमचं जास्त जातं असं समजा. स्नायू आणि यकृत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम साखर साठवतात, दोन-अडीच तासांच्या धावेत ती तळाला जाऊ लागते. म्हणून पाऊण तासानंतर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट (कार्बोहायड्रेट) पोटात जाऊ द्या: एक केळं म्हणजे साधारण २५, एक जेल (धावपटूंसाठीची साखरेच्या घट्ट पाकाची पुडी) तेवढंच. खजूर, राजगिऱ्याची चिक्की, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, काहीही चालेल, पण सरावात पचलेलं. ओआरएसची पुडी खिशात असू द्या. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागोमाग येतं, हीच त्या पुडीची सगळी करामत. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या रोग्यांना ती पाजून दाखवली, तेव्हा कुठे जगाला पटलं. दुकानातल्या रंगीत पेयांची किंमत बघितली की मला हे हटकून आठवतं.

आदल्या रात्री भात-वरण-बटाटा, लवकर. मुंबईच्या नातेवाइकांनी प्रेमाने केलेलं सुकं मटण रविवारी दुपारसाठी ठेवायला सांगा. धावताना रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळतं, आतड्याच्या वाट्याला फार थोडं उरतं, मग पोटातलं तेल आणि तंतू आपला प्रताप दाखवतात. सकाळी सुटायच्या दोन तास आधी नेहमीचाच नाश्ता, हलका. चहा पीत असाल तर प्या. गुडघा दुखेल म्हणून आधीच आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेणारे बरेच भेटतात. तसं करू नका. मूत्रपिंडाला रक्त आधीच कमी जात असतं, ही गोळी ते आणखी आवळते.

धाव सुटल्यावर पहिले पाच किलोमीटर पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने. धाप लागून शब्द तुटायला लागले की स्नायूंत आम्ल साचतंय आणि फुप्फुसं जास्तीचा कर्बवायू फेकून रक्ताचा तोल राखताहेत असं समजा. फुप्फुसं हे काम चोख करतात, पण एकवीस किलोमीटरभर करायला लावू नये. घड्याळ लावणाऱ्यांसाठी: शेवटच्या टप्प्यात वेग तोच असूनही ठोके दहा-पंधराने वर दिसतील. घामाने रक्त आटलेलं असतं, दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं. अशा वेळी घड्याळातल्या वेगामागे लागू नका, हळू व्हा. थंडी वाजल्यासारखं होणं, बरळणं, पाय वेडेवाकडे पडणं, यातलं काहीही झालं तर थांबून वैद्यकीय तंबू गाठायचा. दुसऱ्या कुणाचं होताना दिसलं तर त्याला सावलीत बसवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि माणूस पाठवून मदत बोलवा.

शेवटची रेघ ओलांडल्यावर तिथेच उभं राहून फोटो काढू नका. इतका वेळ पोटऱ्या रक्त वर ढकलत होत्या. त्या थांबल्या की रक्त पायांतच साचतं आणि धडधाकट माणूसही फोटोच्या ऐन क्षणी कोसळतो. दहा मिनिटं चाला. मग काहीतरी खारट खा, पाणी दोन-तीन तासांत हळूहळू भरून काढा, आणि शक्य असेल तिथे पुन्हा एकदा काट्यावर उभे राहा. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही किंवा चहाच्या रंगाची झाली, तर परतीची गाडी पकडण्याआधी डॉक्टरांना दाखवा.