विधानसभेचं मत कसं ठरवावं? एका उदारमतवादी मतदाराची पद्धत

2024 च्या नोव्हेंबरात आमच्या सोसायटीत एका उमेदवाराची पदयात्रा आली. ढोल-ताशा फाटकाबाहेर थांबला, उमेदवार हात जोडून आत आले आणि म्हणाले, "काही काम असेल तर सांगा." तळमजल्यावरच्या काकांनी ड्रेनेजची तक्रार मांडली, कुणी पेव्हर ब्लॉक मागितले. मी विचारलं, "जनसुरक्षा विधेयक परत आलं तर सभागृहात तुम्ही काय भूमिका घ्याल?" त्यांनी शेजारच्या कार्यकर्त्याकडे पाहिलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, ते वरच्या लेव्हलचं असतं. तुमचं काम सांगा ना."

संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारं ते विधेयक. असली विधेयकं तपासायला आपण 288 माणसं निवडून मुंबईला पाठवतो, आणि हे साहेब त्यांतलेच एक होऊ पाहत होते. ड्रेनेज मात्र महापालिकेचं.

तेव्हापासून मी एक वही घातली आहे. पुढची विधानसभा वेळेवर झाली तर 2029 ला, पण वही आत्ताच सुरू करायची. 2024 ला अर्ज मागे घेण्याची मुदत 4 नोव्हेंबरला संपली आणि मतदान 20 तारखेला झालं. लढत नेमकी कुणाकुणात हे कळल्यावर हातात सोळा दिवस, त्यात दिवाळी नुकतीच उरकलेली. एवढ्या वेळात फक्त बॅनर वाचून होतात.

उदारमतवादी म्हणजे काय, यावर मी इथे प्रवचन देणार नाही. आपल्याकडे एके काळी रानडे-गोखल्यांच्या वाटेनं जाणाऱ्यांना नेमस्त म्हणत, आणि तेही चिडवण्यासाठीच. मला मत ठरवायला एक कसोटी पुरते: हा उमेदवार मला हक्क असलेला नागरिक मानतो, की आपल्या दारात उभा असलेला गरजू? पुढचं सगळं त्यातून निघतं.

आधी प्रश्नांची वाटणी करा

वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने पाडा: दिल्ली, राज्य, पालिका किंवा पंचायत. तुम्हाला छळणारे सगळे प्रश्न त्यांत टाका. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन, पाणी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे कायदे राज्याच्या यादीत येतात. शिक्षण 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीपासून केंद्र आणि राज्य दोघांचं. परराष्ट्र धोरण आणि सीमेवरचं सैन्य आमदाराच्या भाषणात कितीही गरजलं तरी ते पहिल्या रकान्यात टाकायचं आणि विसरायचं.

तिसऱ्या रकान्यात आपल्याकडे एक गोची झाली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक बसला. इतरही अनेक शहरांची तीच गत. नगरसेवकच नाही म्हटल्यावर गटार आमदाराकडे गेलं, आणि आमदारांनाही ते सोयीचं झालं, कारण गटाराचं उद्घाटन करता येतं, सभागृहात मांडलेल्या लक्षवेधी सूचनेचं करता येत नाही. म्हणून उमेदवाराला एक प्रश्न नक्की विचारा: पालिका निवडणूक रखडली तेव्हा तुम्ही सभागृहात तोंड उघडलं का? जो स्थानिक सत्ता खाली सोडायला तयार नाही, तो बाकी काय सोडणार?

प्रतिज्ञापत्र पूर्ण वाचा, सारांश नको

प्रत्येक उमेदवाराला फॉर्म 26 मध्ये शपथेवर माहिती द्यावी लागते. ही सक्ती 2002 आणि 2003 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून आली, कुठल्याही पक्षानं आपण होऊन दिलेली नाही. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत मिळते. शेवटी सारांश असतो, लोक तोच वाचून मोकळे होतात. खरी गंमत आतल्या पानांत असते.

मी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरते आणि तीन चळती करते. पहिलीत आंदोलनाचे गुन्हे. जुन्या दंड संहितेची कलमं 143 आणि 188, नव्या न्याय संहितेतलं 223, सोबत महाराष्ट्र पोलीस कायद्याची 37 आणि 135. हे दिसलं की समजावं, जमावबंदी मोडून मोर्चा काढलेला आहे. असे दहा गुन्हे असलेल्या माणसाला वर्तमानपत्राच्या तक्त्यात 'गुन्हेगारी पार्श्वभूमी' म्हणून गणतात. मी त्यासाठी त्याचे गुण कापत नाही, उलट एखादा वाढवते. दुसऱ्या चळतीत 307, 354, 376, 420 असली कलमं, म्हणजे खुनाचा प्रयत्न, विनयभंग, बलात्कार, फसवणूक, आणि तिथे आरोपनिश्चिती झाली आहे का याचा रकाना नीट पाहायचा. तिसरी चळत अवघड: 153 अ, म्हणजे समाजांत तेढ पसरवणं, नव्या संहितेत 196. हे कलम चिथावणी देणाऱ्याला लागतं आणि कधी कधी नको ते लिहिणाऱ्यालाही. त्यामुळे गुन्ह्याची तारीख आणि पोलीस ठाणं घेऊन त्या दिवसांतली बातमी शोधायची, म्हणजे माणूस माइकच्या कुठल्या बाजूला होता ते कळतं.

मालमत्तेचा आकडा बघून डोळे पांढरे करू नका. श्रीमंत असणं हा दोष नाही. पाहायचं ते पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न, जोडीदाराच्या नावावरचा रकाना, आणि सरकारी कंत्राटांचा तपशील. व्यवसाय 'शेती व समाजसेवा' आणि मालमत्ता एका मुदतीत तिप्पट, असं दिसलं की मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवून ओळीला ओळ लावायची. त्याच कागदांवरून त्या वेळचा पक्षही कळतो. 2022 ला शिवसेना आणि 2023 ला राष्ट्रवादी फुटल्यानंतर हे तपासणं चैन राहिलेली नाही.

गुन्हे असलेल्यालाच उमेदवारी का दिली, याचं कारण पक्षानं जाहीर करावं आणि 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण चालणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा आदेश आहे. ती कारणं जरूर वाचा. मी वाचली त्यांत 'लोकप्रिय' आणि 'समाजकार्याची आवड' एवढंच फिरून फिरून येत होतं. आवड सगळ्यांनाच आहे.

आधी आमदार असेल तर सभागृहातला माणूस शोधा

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्न आणि कामकाज मिळतं. मुंबईकरांसाठी प्रजा फाउंडेशन आमदारांची प्रगतिपुस्तकं काढतं. नुसते प्रश्न मोजू नका, ते कोणाविषयी आहेत ते पाहा. कोठडीतला मृत्यू, आश्रमशाळेतली मुलं, वाळीत टाकलेलं कुटुंब, यांवर प्रश्न विचारून मतं मिळत नाहीत. विचारणाऱ्याचं नाव वहीत लिहावं.

जनसुरक्षा विधेयक जुलै 2025 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. कडव्या डाव्या संघटनांचा बंदोबस्त हा त्याचा घोषित हेतू. संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला मिळतो, आणि व्याख्या अशा सैल की निषेधाची सभाही त्यांत बसवता येईल, असं माझं मत. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या. एवढं होऊनही विधानसभेत मंजुरी आवाजी मतदानानं. आवाजी मतदानात कोण 'होय' म्हणालं आणि कोण गप्प बसलं याची नावनिशीवार नोंद राहत नाही. म्हणून चर्चेचं इतिवृत्त वाचायचं, आणि त्यात आपल्या आमदाराचं नावच नसेल तर तेही लिहून ठेवायचं.

मुद्दे तोलताना आपल्या आवडत्या पक्षापासून सुरुवात करा

हे सगळ्यात जड जातं. 2005 ला काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी सरकारच्या काळात डान्स बारवर बंदी आली, तीही सभागृहाच्या एकमतानं. बायकांचं भलं करण्याच्या नावाखाली बायकांचाच रोजगार गेला, आणि 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी घटनाबाह्य ठरवली. त्याच आघाडीनं 2004 मध्ये, भांडारकर संस्थेवरच्या हल्ल्यानंतर, हल्लेखोरांच्या रागाला कारण झालेल्या पुस्तकावरच बंदी घातली होती. मी तेव्हा या लोकांना मत देत होते आणि गप्प होते. आता दुसऱ्यांच्या सरकारवर बोलताना हे आठवावं लागतं.

दुसऱ्यांचंही पाहू. डिसेंबर 2022 मध्ये महिला व बालविकास विभागानं आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवायला समन्वय समिती नेमली. ओरड झाल्यावर 'आंतरजातीय' हा शब्द वगळला, 'आंतरधर्मीय' राहिला. कायद्यानं सज्ञान असलेल्या मुलीनं कुणाशी लग्न केलं याची नोंद शासनानं ठेवायची! इथे उमेदवाराला भूमिका विचारताना 'लव्ह जिहाद' हा शब्द तोंडातून काढू नका, नाहीतर त्याचं पाठ केलेलं भाषण सुरू होतं. नुसतं विचारा: "माझ्या चोवीस वर्षांच्या मुलीनं कुणाशी लग्न करायचं हे कोण ठरवणार?" "आईबापांना विचारून केलेलं बरं" हे उत्तर आलं, तर ते वडीलधाऱ्याचं उत्तर झालं, आमदाराचं नव्हे.

आता लाडकी बहीण, कारण तिच्याशिवाय कुठलीच चर्चा होत नाही. जुलै 2024 पासून महिन्याला 1500 रुपये, निवडणुकीत एका बाजूनं 2100 चं आश्वासन, दुसऱ्या बाजूनं 3000 चं. माझे उदारमतवादी मित्र 'रेवडी' म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी त्या पैशांतून पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता चष्मा केला. पैसा थेट बाईच्या खात्यात, मधे कुणी नाही, कशावर खर्च करायचा ते ती ठरवणार. यात उदारमतवादाला खुपण्यासारखं काही नाही. खुपतं ते नाव. लाडकी कुणाची? नागरिक लाडकी नसते. राज्याकडून मिळणारी रक्कम भावानं घातलेली ओवाळणी झाली की ती देणाऱ्याच्या मर्जीवर राहते, आणि निवडणूक सरली की यादीतून नावं गळायला लागतात.

यापेक्षा चांगलं आपण केलेलं आहे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं 1977 मध्येच केला. काम मागणं हा त्यात हक्क होता, कुणाची कृपा नव्हती, आणि साऱ्या देशाला तसा कायदा मिळायला 2005 उजाडलं. 2015 चा लोकसेवा हक्क कायदाही त्याच जातीचा: दाखला मुदतीत मिळाला नाही तर अधिकाऱ्याला दंड. म्हणून जाहीरनामा वाचताना प्रत्येक आश्वासनासमोर 'हक्क' की 'कृपा' एवढंच लिहा. जो उमेदवार शिफारसपत्रांचे आकडे सांगून फुशारकी मारतो, त्याला विचारा: कायदा असताना लोकांना तुमचं पत्र का लागतं?

आरक्षणावर उदारमतवाद्यांतच एकमत नाही, त्यामुळे मी फार बोलत नाही. मराठा आरक्षणाचा आधीचा कायदा 2021 ला रद्द झाला, 10 टक्क्यांचा नवा फेब्रुवारी 2024 मध्ये आला. तपासायचं ते एवढंच: मराठा मेळाव्यात आणि ओबीसी मेळाव्यात उमेदवार तेच वाक्य बोलतो का? दोन्हींचे व्हिडिओ यूट्यूबवर असतात.

शेवटी, जिंकू शकणाऱ्यांतून निवडा

वहीत सगळ्यात जास्त गुण बहुतेक वेळा एखाद्या अपक्षाला किंवा छोट्या पक्षाला मिळतात, आणि त्याचं डिपॉझिट जाणार हे शेंबडं पोरही सांगतं. अशा वेळी मी मागच्या निकालातलं अंतर बघते. 2024 ला मालेगाव मध्यची जागा 162 मतांनी लागली, साकोलीची 208 मतांनी. अशा ठिकाणी मनासारखा उमेदवार धरून बसणं महागात पडतं. सर्वांत घातक कोण, आणि त्याला हरवू शकेल असा सुसह्य कोण, इतकंच पाहावं. निकाल पन्नास हजारांनी लागणार असेल तर खुशाल मनातल्या माणसाला द्या, पुढच्या वेळी त्याला कुणीतरी गंभीरपणे घेईल.

'नोटा'चा, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' या बटणाचा, मोह आवरा. 2019 ला लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगावमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला. निकालावर काडीचाही परिणाम झाला नाही. विधानसभेत तो पहिला आला तरी त्याच्या खालचाच आमदार होतो.

आणि चांगला उमेदवार, पण पक्ष नको असला तर? लोकसभेला मी पक्ष पाहते. विधानसभेला पूर्वी माणूस पाहायचे. आता नाही, कारण पक्षादेश मोडला तर आमदारकी जाऊ शकते, म्हणजे नको त्या विधेयकावर मतदानाची वेळ आली की तो भला माणूसही पक्षाबरोबरच हात वर करणार. म्हणून वीसपैकी बारा गुण पक्षाला, आठ माणसाला. हा हिशोब माझा, तुमचा वेगळा असू शकतो.

आमच्याकडे निवडून आले ते पेव्हर ब्लॉकवालेच. जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं त्या आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं, तोच जुना प्रश्न, या वेळी भूतकाळात: तुम्ही काय भूमिका घेतली? उत्तर आलेलं नाही. ब्लॉक मात्र बसले, पहिल्याच पावसात दोन उखडलेही. पत्राची प्रत वहीत चिकटवली आहे, 2029 च्या पानावर.