पक्ष्याचं लिंग केंद्रकातून ओळखताय? या चुका टाळा

दर नव्या बॅचमधलं कुणीतरी कोंबडीच्या रक्ताची स्लाइड घेऊन येतं आणि म्हणतं, “मॅडम, बार बॉडी!” अहो, बार बॉडी म्हणजे केंद्रकातला एक गडद ठिपका. बार आणि बर्ट्राम या संशोधकांना १९४९ साली तो दिसला मांजरीच्या चेतापेशींत. सस्तन मादीचे एक्स (लिंग ठरवणारी गुणसूत्रं) दोन, त्यातला एक मुटकुळं करून बसतो, तोच हा ठिपका. पक्ष्यांत ही गुणसूत्रं झेड आणि डब्ल्यू: नर झेडझेड आणि मादी झेडडब्ल्यू. नराचा दुसरा झेड असा पुरता मिटत नाही. मादीच्या केंद्रकात कधी ठिपका दिसलाच, तर तो तिच्या घट्ट वळलेल्या डब्ल्यूचा.

एकदा एका मुलानं वहीत सुबक ठिपके काढून खाली ‘मादी’ लिहिलं. पक्षी पिंजऱ्यात आरवत होता! पक्ष्याच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं हे खरं, पण पिकलेल्या पेशीत ते इतकं आवळलेलं असतं की गिम्सा हा रंग पडल्यावर शोधाल तिथे गडद ठिपका. मी रक्ताच्या नादी लागत नाही. नव्यानं फुटणाऱ्या पिसाचा गर घेते आणि गुणसूत्रंच मांडते. कोंबडीची ७८, त्यातली बरीच टाचणीच्या टोकाएवढी. वेळ लागतो. घाई असेल त्यानं पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवून बघणं) करावा.

तिथली चूक माझीच. एका पाळणाऱ्याचे आठ लव्हबर्ड, पी२-पी८ प्रायमर (झेड आणि डब्ल्यूवरचा तुकडा हेरणारे डीएनएचे छोटे धागे), तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलच्या आठही गल्ल्यांत एकेक बँड, म्हणजे पट्टा. नराचा बँड एक, मादीचे दोन. मी बिनधास्त ‘आठही नर’ असं कळवलं. महिन्याभरानं त्यांचा फोन आला, “मॅडम, एका नरानं अंडं घातलंय.” जेल एक टक्क्याचं, तेही अर्ध्या तासात उरकलेलं, झेड आणि डब्ल्यूचे बँड एकमेकांना चिकटून एकच दिसत होते. आता तीन टक्क्यांचं जेल सावकाश चालवते आणि शेजारी त्याच जातीचे ठाऊक असलेले नर-मादी लावते. ‘कोंबडीचा कंट्रोल (तुलनेचा नमुना) चालेल ना?’ नाही चालणार.

पीसीआरसाठी रक्त घ्यायचं तर ते गोठू नये म्हणून हेपॅरिन घातलेल्या नळीत घेऊ नका, पीसीआर अडतो, त्याऐवजी ईडीटीएची नळी वापरा. माणसाच्या तपासणीला घेतात तेवढं रक्तही नको, इथे प्रत्येक तांबड्या पेशीत केंद्रक, त्यामुळे डीएनएची जेली होऊन डीएनए वेगळा करायचा कॉलम तुंबतो. एक थेंब पुष्कळ. खाली पडलेलं पीस आणून वर ‘निकाल कधी?’ विचारणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते. आणि शहामृग-इमूला हे नेहमीचे प्रायमर लावू नका, त्यांचे झेड-डब्ल्यू जवळजवळ सारखेच असतात.