पहिले वेबपान: आधी मजकूर, मग रंग

एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची रचना लिहिण्याची भाषा, शिकायला बसलेला नवखा माणूस बहुधा रंगांपासून सुरुवात करतो. मीही तेच केले. माझ्या काकांची नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांची अडत आहे. त्यांच्यासाठी एक पान करायचे ठरले आणि पहिली अख्खी संध्याकाळ मी केशरी रंगाची नेमकी छटा शोधण्यात घालवली. पान उघडले तेव्हा पार्श्वभूमी सुरेख होती, पण ‘नागपुरी संत्री’ या शब्दांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग लागली होती.

म्हणून पहिले काम हे, की फाइल यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत जतन करावी आणि हेड विभागाच्या (पानाविषयीची माहिती असलेल्या, पडद्यावर न दिसणाऱ्या भागाच्या) आरंभीच मेटा टॅग, म्हणजे ब्राउझरसाठीची सूचना, लिहून तसे जाहीर करावे. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ब्राउझरला ते ठाऊक नसेल, तर तो एकेक बाइट सुटा वाचू शकतो आणि एका ‘न’ची तीन निरर्थक चिन्हे होतात. पानाची भाषा मराठी असल्याचेही एचटीएमएल टॅगमध्येच नोंदवावे, म्हणजे दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर योग्य उच्चार निवडू शकतात.

त्यानंतर संगणक बाजूला ठेवून मजकूर कागदावर लिहावा आणि शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, यादी कोणती, हे पेन्सिलीने खुणावे. शीर्षकांच्या एच-१ ते एच-६ अशा सहा पातळ्या असतात. आमच्या पानावर ‘नागपुरी संत्री’ एच-१ झाले, तर ‘आंबिया बहर’ आणि ‘मृग बहर’ हे संत्र्यांचे दोन हंगाम एच-२. अक्षर लहान हवे म्हणून एच-४ वापरण्याचा मोह मला झाला होता, पण आकार ठरवणे हे सीएसएसचे, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या वेगळ्या भाषेचे, काम आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जगासमोर आणलेल्या पहिल्या संकेतस्थळाच्या वेळी सीएसएस नव्हतेच; त्याची पहिली प्रमाणित आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली. म्हणून सीएसएसची जोडणी तात्पुरती काढून पान वाचून पाहावे. तरीही ते नीट समजले, तर रचना बरोबर आहे.

सीएसएसमध्ये इंग्रजी नमुने जसेच्या तसे उचलू नयेत. अक्षरांमधील अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते, आणि ओळींमधील अंतर कमी ठेवले तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात; मला अक्षराच्या आकाराच्या १.७ पट अंतर सोयीचे वाटले. पान मोबाइलच्या पडद्याच्या रुंदीत बसावे म्हणून व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग विसरू नये. चित्रांची नावे सरसकट लहान रोमन अक्षरांत ठेवावीत, कारण घरच्या विंडोजवर दिसणारे चित्र लहान-मोठ्या अक्षरांत भेद करणाऱ्या सर्व्हरवर गायब होऊ शकते.

रंग सर्वांत शेवटी ठरवावा. माझी आवडती छटा काकांनी बाजारातल्या भर उन्हात मोबाइलवर पाहिली आणि पांढऱ्यावरची केशरी अक्षरे त्यांना वाचताच येईनात. लहान अक्षरांसाठी किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक, लागतो, हे मला त्यानंतर कळले. आता अक्षरे गडद तपकिरी आहेत आणि केशरी रंग शीर्षकाखालच्या रेघेपुरता उरला आहे.