डेस्कटॉप सुरू होत नसेल तर दोष कसा शोधावा

‘कॉम्प्युटर सुरू होत नाही’ एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. बटण दाबल्यावर तो कुठपर्यंत जाऊन थांबतो, हे आधी पाहावे. पंखा फिरला का, बीप वाजली का, पडद्यावर एखादे अक्षर तरी उमटले का, या प्रश्नांच्या उत्तरांतच निम्मे निदान होते. पडद्यावर काहीच येत नसताना थेट विंडोज नव्याने टाकायला घेणारेही असतात. तो खटाटोप व्यर्थ आहे.

बटण दाबूनही काहीच हालचाल नसेल, तर सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून वीज येत असल्याची खात्री करावी आणि एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, मागचा छोटा स्विच चालू आहे ना, ते बघावे. मॉनिटरची पॉवर केबल बहुधा त्याच प्रकारची असते, त्यामुळे अदलाबदल करून केबलची शंका लगेच मिटवता येते. मदरबोर्डवरचा (सगळे भाग जिथे जोडलेले असतात त्या मुख्य सर्किट बोर्डावरचा) दिवा लागलेला असूनही बटण दाद देत नसेल, तर बटणच खराब झाले असण्याची शक्यता असते. अशा वेळी त्याची वायर मदरबोर्डवरून काढून, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडाव्यात. मशीन सुरू झाले, तर दोष बटणाचा किंवा त्याच्या वायरचा. एसएमपीएस मात्र घरी कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

पंखे फिरतात पण पडदा काळाच, हा प्रकार अधिक आढळतो आणि त्यात संशय पहिल्यांदा रॅमवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्ट्यांवर, घ्यावा. त्याआधी एक साधी गोष्ट तपासावी: वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल, तर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या नव्हे, कार्डाच्या पोर्टला जोडलेली हवी. मग प्लग काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी आणि स्लॉटच्या कडेच्या खिट्ट्या उघडून रॅमच्या पट्ट्या काढाव्यात. त्यांचे सोनेरी संपर्क मऊ खोडरबराने हलकेच पुसून चुरा झटकावा आणि खाच जुळवून, खिट्टी ‘खट्’ असा आवाज करीत बसेपर्यंत पट्टी दाबावी. अर्धवट बसलेली पट्टी वरून पाहता ठीकच दिसते. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून पाहावी, म्हणजे सदोष पट्टी किंवा सदोष स्लॉट वेगळा काढता येतो. डीडीआर५ या नव्या प्रकारची रॅम नव्याने बसवल्यावर पहिल्यांदा पडदा उजळायला काही मिनिटे लागू शकतात, तेवढा धीर धरावा.

बीपचा अर्थ प्रत्येक बायोसप्रमाणे (मदरबोर्डवरच्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामप्रमाणे) बदलतो, म्हणून तो मॅन्युअलमध्येच पाहावा. अलीकडच्या अनेक मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), रॅम, ग्राफिक्स आणि बूट (डिस्कवरून विंडोज सुरू होणे) यांसाठी चार छोटे दिवे असतात. जो लागून राहतो, तिथेच काम अडलेले असते. तारीख-वेळ वारंवार मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदलावा.

काही सेकंदांत मशीन आपोआप बंद पडत असेल, तर प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची पॉवर केबल घट्ट आहे का आणि प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर सैल झालेला नाही ना, ते पाहावे.

पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर बायोसमध्ये डिस्क दिसते का ते पाहावे. दिसत असेल, तर बूटचा क्रम बदललेला असू शकतो किंवा विंडोजच्या बूट फाइल बिघडलेल्या असू शकतात, आणि त्यासाठी इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवरून ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवावे. दिसत नसेल, तर डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदलून पाहावी. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर दुरुस्तीचे कोणतेही साधन तिच्यावर चालवू नये. मशीन बंद करावे आणि माहिती महत्त्वाची असल्यास डिस्क थेट डेटा रिकव्हरीचे काम करणाऱ्याकडे न्यावी.